तोलोबेर्दीचा दुसरा मुलगा

८ फेब्रुवारी, शनिवार

आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाने शिस्त सोडली की तो खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या मेंढ्या मोजायला लागतो. तालायचं तेच झालंय. तालाय आमच्या शाळेत खेळ शिकवायचा, मी इतिहास. दोघं एकाच दिवशी निवृत्त झालो. माझं भाषण जास्त लांबलं होतं.

संकल्प: वाचनालयातला वर्ग, माझं पुस्तक, आणि चहात साखर एकच चमचा.

वर्गाचं नाव 'इंटरनेटवर विश्वास कोणावर ठेवावा'. सहा शनिवार चालणार. आज पहिला. हजर पाच: वाचनालयाच्या बाई, त्यांची मावशी, कॉलेजच्या दोन मुली आणि आमची लेक कानिशाय. कानिशाय सव्वीस वर्षांची आहे, औषधांच्या दुकानात काम करते, तिला या वर्गाची गरज नाही. आकडा बरा दिसावा म्हणून मीच आणली.

फळ्यावर पाच प्रश्न लिहिले. कोणी लिहिलं? कधी लिहिलं? कशावरून लिहिलं? लिहून त्याला काय मिळालं? आणखी कोण तेच म्हणतं? सगळ्यांनी उतरवून घेतलं. मावशींनी विचारलं, लसणाच्या तेलाने गुडघे बरे होतात असं फोनवर आलंय, ते खरं का मुगालिम (म्हणजे मास्तर)? मी म्हटलं, पाच प्रश्न विचारा. त्या म्हणाल्या, कोणाला विचारू, गुडघ्याला?

वर्गात विनोद मला चालतो, पण मर्यादेत.

साखर: दीड चमचा. बाहेर उणे अठरा होतं.

१६ फेब्रुवारी

पुस्तकाची प्रगती उत्तम. चाळीस पानं झाली. त्यातली अकरा प्रस्तावना.

'तोलोबेर्दी बातीर आणि त्याचे वंशज'. बातीर म्हणजे शूरवीर, वंशज म्हणजे आम्ही. वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा आणि पाचवा तोलोबेर्दी, ज्याने चाळीस घोडेस्वार घेऊन खिंड राखली. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही सात बाप पाठ असावे लागतात. ज्याला येत नाहीत त्याला अनाथ म्हणतात. मला सातही येतात, आणि त्यातला एक बातीर आहे. आमच्या कारा-जार गावात असं म्हणू शकणारी घरं फार नाहीत.

पुरावे तीन, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले. राजधानीतल्या विद्यापीठातला एक प्रबंध. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातला लेख. आणि 'सात पिढ्या' ही वेबसाइट, जिथे सगळ्या कुळांच्या वंशावळी आहेत. तिथलं तोलोबेर्दीचं पान बुर्कुत नावाच्या कोणीतरी लिहिलंय. बुर्कुत म्हणजे गरुड. टोपणनाव असणार. माणूस मोठा अभ्यासक दिसतो. त्याचं वाक्य बघा: 'तोलोबेर्दीला दोन मुलगे. थोरला खिंडीपलीकडे गेला, धाकटा मात्र या मातीशी इमान राखून इथेच राहिला.' धाकटा म्हणजे आमचा. वाचताना अंगावर काटा येतो. असं मीच लिहिलं असतं.

फक्त मोल्दोकान आजोबांची कटकट. माझ्या वडिलांचे चुलते, वय अठ्ठ्याऐंशी. ते म्हणतात, पाचवा चोकोय. बैलावर मीठ लादून गावोगाव विकायचा. त्यांना पाच प्रश्न लावले तर पहिल्यालाच नापास. लिहिलेलं काही नाही, तारीख नाही, दात नाहीत.

१ मार्च

वर्ग चौथा. गृहपाठ जमा झाला: 'इंटरनेटवरचं एक पान निवडा आणि ते मुळात कुठून आलं तिथपर्यंत चालत जा.' वाचनालयाच्या बाई हवामानापर्यंत गेल्या आणि तिथेच राहिल्या. मावशींनी लसणाचं तेल घेतलं. कानिशायने नऊ पानं लिहिली. विषय: आपल्या खोऱ्याच्या इतिहासावरचं एक पान. रक्तातच आहे.

सगळं वाचायला सवड नव्हती, प्रस्तावनेचं बारावं पान चालू होतं. पण चौतीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसाला पहिल्या पानावरून सगळं कळतं. शेरा दिला: 'मांडणी चांगली. लेखकाचा शोध अपुरा. १० पैकी ८.' घरच्या मुलीला पैकीच्या पैकी दिले की लोक बोलतात.

तिने वही परत घेतली नाही. म्हणाली, बाबा, शेवटचं पान बघा. म्हटलं, बघतो. वही टेबलाच्या खालच्या खणात ठेवली आहे, म्हणजे हरवणार नाही.

२१ मार्च, नोरुझ

सणाच्या दिवशी दगा. आणि तोही घरातून.

शेजारच्या अंगणात कढई चढली होती, बायका आळीपाळीने ढवळत होत्या. रापिया (आमची मंडळी) मला बाजूला घेऊन म्हणाली, कानिशायला मागणी येणार आहे. मुलगा नुरदौलत, गुरांचा डॉक्टर, खिंडीपलीकडच्या कालिकचा. मी विचारलं, हे कधीपासून? म्हणाली, मागच्या शरदापासून. मी विचारलं, आणि मला? म्हणाली, तुमचं पुस्तक चालू होतं.

म्हणजे सहा महिने माझ्याच घरात, माझ्याच पाठीमागे. मी कोणाला काही बोललो नाही. फक्त जेवलो नाही. चार बोरसोक खाल्ले, ते तळलेले असतात, ते जेवण नव्हे.

कालिकला मी ओळखतो. पूर्वी ट्रॅक्टर चालवायचा, आता घोडे पाळतो. पुस्तकाचा आणि त्याचा संबंध नाही. पण मुलगा सरळ आहे. आमची गाय त्यानेच वाचवली होती. मन मोठं करायचं ठरवलं आहे. बातीराच्या वंशातल्या माणसाला ते जमतं.

५ एप्रिल, संध्याकाळ

लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

कालिक आला. बरोबर बायको, पिशवीत डुलांची डबी. मुलीच्या कानात डूल घातले की लग्न पक्कं; आज ते घालायचे नव्हते, नुसते दाखवायचे होते. रापियाने चहा ओतला, अर्धा अर्धा पेला, मानाने. इकडचं तिकडचं झालं. मग रीतीप्रमाणे दोन्ही बापांनी सात पिढ्या सांगायच्या, म्हणजे सातच्या आत कुठे गाठ पडत नाही ना ते कळतं. पडली तर लग्न नाही. भाऊ-बहीण झाले ते.

मी म्हटलं, पाहुणे आधी. कालिक बोटं मोडत, घोड्यांची नावं सांगावी तसा सांगत गेला. पाचव्यावर आला आणि म्हणाला, तोलोबेर्दी.

माझा पेला तोंडापाशीच राहिला. म्हटलं, कोणता तोलोबेर्दी? तो म्हणाला, खिंडवाला. दुसरा कोणता आहे?

मी शांतपणे विचारलं, कालिक, आमचा माणूस तुमच्या यादीत काय करतोय? तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. म्हणाला, सुवाके, तोलोबेर्दीला एकच मुलगा, तो आमचा. मी फोन काढला, 'सात पिढ्या' उघडलं, पान समोर धरलं. दोन मुलगे. थोरला तुमचा, धाकटा आमचा. प्रबंध दाखवला. वर्तमानपत्र दाखवलं. तीन पुरावे.

कालिकने चष्मा लावून सगळं वाचलं. मग त्याने त्याच्या बायकोकडे पाहिलं. तिने डबी पिशवीत सरकवली. मीच मोठ्याने बोललो, कारण कोणीतरी बोलायला हवं होतं: कानिशायपासून सहावा, नुरदौलतपासूनही सहावा. सातच्या आत. हे लग्न होऊ शकत नाही.

कालिक म्हणाला, सुवाके, नीट विचार कर. बोललेलं परत घेता येत नाही असं नाही. मी म्हटलं, इतिहास परत घेता येत नाही.

चांगलं वाक्य होतं. प्रस्तावनेत घेईन.

६ एप्रिल

कानिशाय रडली नाही. रडली असती तर समजूत घातली असती. तिने एवढंच विचारलं, बाबा, तीन जण तेच म्हणतात हे कळलं. पहिला प्रश्न विचारलात का? मी म्हटलं, विचारला, बुर्कुत. म्हणाली, बुर्कुत कोण? मी म्हटलं, अभ्यासक. ती पेले विसळायला गेली. चार पेले होते. अर्धा तास विसळत होती.

नुरदौलत एक जूनला जनावरांबरोबर वर कुरणावर जाणार. तिथे गेला की सप्टेंबरपर्यंत खाली येत नाही. रापियाने हे तीनदा सांगितलं. मी काय करू? नियम मी केलेला नाही.

१२ एप्रिल

बाजारात सगळ्यांना कळलंय. मीच सांगितलं, अफवा पसरण्याआधी खरं पसरलेलं बरं. मांसवाला म्हणाला, अरेरे, आणि वजन करताना वर पाहिलं नाही. लोकांना धक्का बसला असणार.

तालायला सांगितलं तर तो म्हणाला, बुर्कुत का? आणि खोकला. खोकला बराच वेळ चालला.

संकल्प: पुराव्याचं मूळ गाठून कालिकच्या हातात ठेवायचं. म्हणजे त्याला कळेल की मी पोरीचं वाईट मुद्दाम केलेलं नाही. मला कमीपणा सोसेल, खोटेपणा नाही.

२८ एप्रिल

प्रबंध लिहिणाऱ्या मुलीचं उत्तर आलं. फार नम्र. तिने तोलोबेर्दीच्या दोन मुलांची माहिती जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातून घेतली. स्वतः तपासलं नाही, कारण वर्तमानपत्रात एका अनुभवी शिक्षकाचा हवाला होता.

म्हणजे तीनाचे दोन झाले. हरकत नाही. दोन पुष्कळ.

साखर: दोन चमचे. काळ कठीण आहे.

६ मे

वर्तमानपत्राच्या संपादकाला फोन केला. माणूस घाईत होता. म्हणाला, तो लेख जुना आहे, आम्ही 'सात पिढ्या'वरून घेतला, आणि खात्री म्हणून गावातल्या एका जाणकाराला फोन केला होता. मी विचारलं, कोणाला? त्याने कागद काढला, शोधलं, वाचून दाखवलं: कारा-जार शाळेचे इतिहास शिक्षक सुवानबेक मुगालिम.

मी.

आधी आनंद झाला. दहा वर्षांपूर्वीही वर्तमानपत्रं खात्रीसाठी माझ्याकडे येत होती. नंतर जेवताना तो आनंद थोडा उतरला. दोनाचा एक झाला. आणि मी तेव्हा हो म्हणालो होतो, ते कशावरून? तर 'सात पिढ्या'वरून. वाचलं होतं ना मी ते.

तरी एक उरतोच. बुर्कुत.

९ मे

सुट्टी. 'सात पिढ्या' चालवणाऱ्यांना पत्र लिहिलं. कडक लिहिलं. म्हटलं, तुमच्या या बुर्कुतच्या भरवशावर एका मुलीचं लग्न मोडलं आहे. तो कोण आहे हे कळण्याचा मला नैतिक अधिकार आहे. त्याने समोर यावं.

रापिया हल्ली माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलते. आज तेही नाही. ताट ठेवलं, त्यावर झाकण ठेवलं, गेली. कानिशाय दुकानातून उशिरा येते. कधी येते विचारलं तर म्हणते, येते.

घरात तीन माणसं आणि मी एकटा.

१४ मे

उत्तर आलं. खरं नाव देता येत नाही, नियम आहे. पण खातं तेरा वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये उघडलं, कारा-जार शाळेच्या कॉम्प्युटरवरून. त्यानंतर एकदाही उघडलं नाही.

शाळेच्या कॉम्प्युटरवरून.

म्हणजे आमच्यातलाच कोणीतरी. माझ्या खांद्याला खांदा लावून शिकवणारा, दुपारच्या सुट्टीत माझाच चहा पिणारा. आणि त्याने खात्री न करता, पुरावा न देता, बातीराला दुसरा मुलगा चिकटवला, आणि मी तेरा वर्षं त्याच्यावर विसंबलो. इतका मोठा दगा मला आयुष्यात कोणी दिला नसेल. कोण असेल तो? भूगोलवाला वारला. गणितवालीला इतकं चांगलं लिहिता येत नाही. उरला तालाय. म्हणूनच तो खोकला.

१५ मे, दुपार

तालायच्या घरी गेलो. तो खिडकीत होता. बसायला सांगितलं, बसलो नाही. म्हटलं, तालाय, बुर्कुत तूच ना? माझ्या पोरीचं लग्न मोडलंस. निदान तोंडावर कबूल कर.

तालायने खिडकी लावून घेतली. मग म्हणाला, बस रे सुवाके. त्याने सांगितलं ते असं. शाळेला इंटरनेट आलं त्या आठवड्यात तालुक्याच्या ठिकाणाहून एक बाई शिकवायला आल्या होत्या. प्रत्येक मास्तरने खातं उघडून एक पान लिहायचं होतं. तालायने व्हॉलीबॉलवर लिहिलं, चार ओळी. आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर मी होतो. म्हणे, नाव ठरवायलाच तुला अर्धा तास लागला. आधी वाघ म्हणालास, मग लांडगा, मग गरुड. म्हणे, मी तुला विचारलंही, सुवाके, तोलोबेर्दी तर खिंडीपलीकडच्यांचा ना? तू म्हणालास, लिहिलेलं नाही ना कुठे. मग आता लिहितो.

मी म्हटलं, मला काहीच आठवत नाही. तो म्हणाला, आम्हाला आठवतं.

आम्हाला म्हणजे कोणाला, ते मी विचारलं नाही.

१६ मे

शांतपणे विचार केला. बुर्कुत मी असेन. शक्य आहे. त्या आठवड्यात कामाचा ताण होता. पण मी हवेत लिहिणारा माणूस नव्हे. मला तेव्हा नक्की कोणीतरी तोलोबेर्दी सांगितला असणार, आणि मी विश्वासाने लिहून घेतलं. दगा मला मुळातच झालेला आहे. सांगणारा एकच असू शकतो. मोल्दोकान आजोबा. तेव्हा त्यांना दात होते.

१८ मे

आजोबांकडे जाऊन आलो. ते उन्हात बसून वळलेल्या दोऱ्याची गाठ सोडवत होते. विचारलं, आजोबा, तेरा वर्षांपूर्वी मी वही घेऊन आलो होतो. तेव्हा तुम्ही पाचवा कोण सांगितला होता? म्हणाले, चोकोय. आणखी किती वेळा सांगू? मी म्हटलं, नीट आठवा. म्हणाले, मला नीट आठवतं, तूच नीट ऐकत नाहीस. चोकोय बैलावर मीठ घेऊन जायचा. एकदा बर्फात अडकला, तर बैलाच्या पोटाला चिकटून तीन दिवस राहिला आणि मीठ कोरडं ठेवून घरी आणलं. हे सांगितलं तर तू पेन खाली ठेवलंस. म्हणालास, आजोबा, मीठवाला छापून बरा दिसत नाही.

मी असं बोललो असेन असं मला वाटत नाही. मला ते शब्द माझे वाटत नाहीत.

निघताना म्हणाले, तुझी पोरगी येते हं दर रविवारी. तिला सगळे पाठ झालेत.

कानिशाय येते? कधीपासून? म्हणाले, बर्फ होतं तेव्हापासून.

२४ मे

संकल्प. उद्या खिंडीपलीकडे कालिककडे जायचं आणि सांगायचं. सगळं नाही, योग्य तेवढं. भाषण लिहायला घेतलंय. शीर्षक 'एका संशोधकाची कबुली'. मुख्य मुद्दा असा: तेरा वर्षांपूर्वी अपुऱ्या माहितीच्या आधारे, सद्हेतूने, माझी दिशाभूल झाली. सहा पानं झाली. विनम्र पण ताठ.

२५ मे

रविवार. पाऊस. रस्ता वाईट असणार. शिवाय भाषणाचा शेवट जमला नव्हता.

२७ मे

गुडघा.

२९ मे

भाषण अकरा पानं झालं. आता निघायचंच म्हणून सकाळी टोपी घातली, तर दारात रापिया. डोक्याला सणाचा रुमाल. म्हणाली, कुठे? म्हटलं, कालिककडे, खरं सांगायला. ती म्हणाली, सांगून झालंय.

काल, मी गुडघ्याला लसणाचं तेल लावून पडलो होतो तेव्हा, ती, कानिशाय आणि मोल्दोकान आजोबा खिंडीपलीकडे जाऊन आले. आजोबांनी सात पिढ्या सांगितल्या. कालिकने ऐकल्या. परवा डूल घालायला येणार आहेत, मुलगा कुरणावर जाण्याआधी. मेंढी ठरली आहे.

मी विचारलं, आणि मला कोण सांगणार होतं? म्हणाली, आत्ता सांगितलं ना.

अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस खिंड ओलांडून गेला, आणि मला कळू दिलं नाही. आता कोणावर विश्वास ठेवावा? मी खोलीत जाऊन टोपी काढली. मग पुन्हा घातली. मग काढली.

३१ मे

डूल घातले.

सकाळी भाषण आतल्या खिशात ठेवलं. ठरवलं, सात पिढ्या सांगायची वेळ आली की उभं राहायचं. वीसेक माणसं होती. कालिकने मला मिठी मारली, त्याने मी जास्तच अवघडलो. मांस वाटलं. मोल्दोकान आजोबांना मेंढीचं डोकं, मानाचं. मला मांडीचं हाड मिळायला हवं होतं, मुलीचा बाप म्हणून. मिळालं. तक्रारीला जागा ठेवली नाही कोणी.

मग आजोबा म्हणाले, पोरी, तू सांग. आमच्यात मुली सांगत नाहीत. पण कानिशाय उठली. माझं नाव, माझ्या वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं, खापरपणजोबांचं. मी खिशातले कागद चाचपले. ती सहाव्यावर आली आणि म्हणाली, चोकोय. मीठ घेऊन जायचा. बर्फात बैलाला धरून राहिला. आणि सातवा. बसली.

कोणी दचकलं नाही. एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मांसवाल्याला, वाचनालयाच्या बाईंना, मावशींना. मी चौतीस वर्षं ज्यांना इतिहास शिकवला त्यांना.

तरी मी उभा राहिलो. म्हटलं, मला दोन शब्द बोलायचे आहेत. कालिकने माझी बाही धरून खाली बसवलं, अगदी हळू, पाहुण्यांना दिसू नये असं. म्हणाला, सुवाके, राहू दे. आमच्या घरी तुझं पान सगळ्यांनी वाचलंय, पोरांनी मोठ्याने वाचून दाखवलंय. आम्ही म्हटलं, लिहिलंय तर लिहिलंय. बातीर मोठा आहे, दोन घरांना पुरेल. तूच लग्न मोडलंस म्हणून, नाहीतर आम्ही कधी बोललो नसतो.

नुरदौलतच्या आईने कानिशायच्या कानात डूल घातले. चांदीचे, साधे. तिला फार शोभतात. हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

१ जून

नुरदौलत वर गेला. कानिशाय त्याला पोचवायला मोठ्या रस्त्यापर्यंत गेली.

भाषण खालच्या खणात ठेवायला गेलो, तर तिथे तिची वही. गृहपाठ. शेवटचं पान बघा म्हणाली होती. बघितलं.

तिने निवडलेलं पान म्हणजे तोलोबेर्दीचं पान. प्रबंध, मग वर्तमानपत्र, मग 'सात पिढ्या', मग शाळेचा कॉम्प्युटर, मग तालाय काकांची मुलाखत, मग मोल्दोकान आजोबा. मला सहा आठवडे लागले, ती फेब्रुवारीतच जाऊन आली होती. पाचही प्रश्न क्रमाने. चौथ्या प्रश्नाखाली, लिहून त्याला काय मिळालं, तिने लिहिलंय: 'काही नाही. तो फार वर्षं या गावात साधा मास्तर होता.'

आणि शेवटी: 'या पानाचे लेखक माझे वडील आहेत. बाकी सगळ्या बाबतीत ते विश्वासार्ह आहेत. पान त्यांनी स्वतः दुरुस्त करावं असं मला वाटतं. घरी पाहुणे येणार आहेत, त्याआधी केलं तर बरं. मी कोणाला सांगणार नाही. मी वाट पाहते.'

आणि पहिल्या पानावर माझा लाल शेरा. लेखकाचा शोध अपुरा. दोन गुण कापलेले.

लाल पेन शोधलं. आठाचे दहा केले. मग कळेना की आता ते कोणाला दाखवायचं.

२ जून, सकाळ

वाचनालयात गेलो. ठरवलंय, पान स्वतः दुरुस्त करायचं. माफी अशी नाही, खुलासा: लेखकाची त्या काळी प्रामाणिक चूक झाली होती, त्याला चोकोयबद्दल माहिती नव्हती. मजकूर तयार आहे, फक्त चिकटवायचा.

खातं उघडलं. नाव: बुर्कुत. पासवर्ड आठवेना. तेरा वर्षं झाली. तिघांची जन्मतारीख घालून पाहिली. कानिशायचं नाव घातलं. नाही. शेवटी 'पासवर्ड विसरलात?' वर दाबलं. खातं उघडताना मी एक खात्रीचा प्रश्न निवडला होता आणि त्याचं उत्तर लिहून ठेवलं होतं, तो प्रश्न समोर आला.

'तुमचा पाचवा पूर्वज कोण?'

मी लिहिलं, तोलोबेर्दी. लाल अक्षरात आलं: उत्तर चुकीचं आहे.

स्पेलिंग बदलून लिहिलं. चुकीचं आहे. पुढे बातीर जोडलं. चुकीचं आहे. आता एकच संधी शिल्लक असं आलं.

वाचनालयाच्या बाई चहा घेऊन आल्या, टेबलावर ठेवला, पडद्याकडे पाहिलं आणि गेल्या.

मी लिहिलं, चोकोय.

उघडलं.